भट्टी पाहून सभासद व्हा: सामायिक पॉटरी स्टुडिओत प्रवेश घेणाऱ्यांसाठी

पॉटरी स्टुडिओ पाहायला गेलेला नवखा माणूस आधी चाकांकडे पाहतो. चाके किती आहेत, नवी आहेत की जुनी, उजेडाजवळची जागा मिळेल का, हे प्रश्न त्याच्या मनात येतात आणि ते गैर नाहीत. पण चाक तुमच्याकडे दोन-तीन तास असते. भट्टी मात्र सगळ्यांची मिळून एक, फार तर दोन असतात, आणि तुम्ही घडवलेली प्रत्येक वस्तू इतरांच्या वस्तूंच्या शेजारी बसून सहसा दोनदा त्या भट्टीतून जाते. सभासदत्व म्हणजे मुळात या भट्टीतला वाटा होय. शुल्काची आकारणी, कोणती माती चालेल यावरचे निर्बंध, ग्लेझचे, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपाचे, नियम आणि सभासदांमधले बहुतेक वाद तिथूनच निघतात. म्हणून स्टुडिओ निवडताना, करारावर सही करताना आणि पहिले काही महिने काम करताना भट्टी सतत डोळ्यांसमोर ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सभासद होण्याची वेळ कधी येते

वर्गात शिकत असताना बरीच कामे विद्यार्थ्याच्या नकळत होत असतात. अर्धवट वाळलेल्या वस्तूंवर कोणीतरी प्लास्टिक टाकते, तळ जाड राहिला तर शिक्षक तो कोरून घ्यायला सांगतात, भट्टीत काय जाईल आणि काय जाणार नाही हे तेच ठरवतात आणि ग्लेझच्या बादल्या नीट ढवळलेल्या, योग्य दाटपणाच्या मिळतात. सभासद झाल्यावर यातले जवळजवळ सगळे तुमच्याकडे येते. त्यामुळे चाकावर किती मोठे भांडे काढता येते यापेक्षा, काढलेले भांडे न तडकता भट्टीपर्यंत नेता येते का, हे स्वतःला विचारून पाहावे.

साधारण कसोटी अशी सांगता येईल. १ किलो माती मळून ती काही मिनिटांत चाकाच्या मध्यावर आणता यावी, तिच्यातून १५ सेंटिमीटरच्या आसपास उंचीचे आणि बऱ्यापैकी समान जाडीचे नळकांडे उभे करता यावे, तळ कोरता यावा, आणि कान किंवा तोटी जोडताना दोन्ही बाजूंना चरे पाडून, पातळ चिखल लावून सांधा पक्का करता यावा. हे जमत नसेल तर आणखी एक वर्ग करणे हिताचे आहे, कारण सभासदांच्या वेळेत शेजारचा माणूस आपल्या कामात असतो आणि त्याच्याकडून शिकवणीची अपेक्षा धरणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरते. केवळ हाताने घडवणाऱ्यांना, म्हणजे वळ्या रचून किंवा लाटलेल्या पट्ट्यांपासून काम करणाऱ्यांना, चाक येण्याची गरज नाही. तरीही काही स्टुडिओ सर्वांसाठी एकच पात्रता लावतात, म्हणून हे आधी विचारून घ्यावे.

कौशल्याइतकाच वेळेचा हिशेब महत्त्वाचा आहे, आणि तो फार थोडे लोक करतात. चाकावरून उतरवलेले भांडे हवामानानुसार एक ते तीन दिवसांत ‘लेदर-हार्ड’ होते, म्हणजे चामड्याइतके घट्ट पण अजून ओलसर. तळ कोरणे, कान जोडणे, नक्षी खोदणे ही कामे याच अवस्थेत होतात. ती वेळ हुकली की भांडे कोरडे पडते आणि त्याच्यावर काही जोडायला गेले की सांधा सुटतो. त्यानंतर आठवडाभर सावकाश वाळवण, मग बिस्क म्हणजे पहिली भाजणी, मग ग्लेझ आणि शेवटी दुसरी भाजणी. एकूण तीन ते सहा आठवडे सहज जातात. ज्यांना आठवड्यातून दोनदा येणे शक्य आहे त्यांनी ते दोन दिवस समान अंतरावर ठेवण्याऐवजी जवळजवळ ठेवावेत. शनिवारी चाकावर काम आणि सोमवारी तळ कोरणे असा क्रम शनिवार-बुधवार या क्रमापेक्षा बहुधा अधिक सुखाचा ठरतो. आठवड्यातून एकदाच येता येणार असेल तर स्टुडिओत दमट कपाट आहे का, हे पाहावे. ते नसेल तर झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत तळाशी प्लास्टरचा थर ओतून तो थर ओला ठेवला की त्या पेटीत भांडे आठवडाभर, कधी कधी कित्येक आठवडे, आहे त्याच अवस्थेत राहते. अशी पेटी ठेवायला परवानगी आणि जागा मिळेल का, हा प्रश्न सही करण्यापूर्वीचा आहे.

भट्टीबद्दल काय विचारावे

पहिला प्रश्न तापमानाचा. स्टुडिओत तापमान सहसा ‘कोन’च्या आकड्यात सांगतात. कोन म्हणजे ठरावीक खनिज मिश्रणाचा लहानसा सुळका. तो उष्णता आणि वेळ यांच्या एकत्रित परिणामाने मऊ होऊन वाकतो आणि त्यावरून भाजणी कुठवर आली ते कळते. जर्मनीत हेरमान झेगर यांनी १८८६ मध्ये हे सुळके प्रचारात आणले आणि अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ पासून त्यांची मालिका तयार केली. आज अनेक स्टुडिओंत ऑर्टन यांचेच आकडे चालतात. या आकड्यांत नवख्याला हमखास फसवणारी एक गोष्ट आहे. शून्य लावलेले आकडे कमी तापमानाचे असतात आणि तिथे आकडा वाढला की तापमान उतरते. ‘शून्य सहा’ म्हणजे सुमारे १००० अंश सेल्सिअस, ‘शून्य चार’ म्हणजे सुमारे १०६०, तर नुसता ‘सहा’ म्हणजे १२२० ते १२४० आणि ‘दहा’ म्हणजे १२८० ते १३००. ‘शून्य सहा’ची माती चुकून ‘सहा’च्या भाजणीत गेली तर ती बसते, वितळते आणि फळीवर पसरून भोवतालच्या सगळ्यांचे काम घेऊन जाते. म्हणूनच बहुतेक स्टुडिओ स्वतः विकत असलेल्या मातीशिवाय दुसरी माती आत येऊ देत नाहीत. हा नियम पैशासाठी केला आहे असे बाहेरून वाटते. भट्टीतल्या फळीवर वितळलेली एक थाळी पाहिली की त्याचे खरे कारण समजते.

दुसरा प्रश्न, भट्टी विजेची आहे की गॅसची. विजेच्या भट्टीत हवेतला प्राणवायू पुरेसा असतो. गॅसच्या भट्टीत तो मुद्दाम कमी करता येतो आणि मग रंगच बदलतात. तांबे असलेले ग्लेझ प्राणवायूत हिरवे येते, तर प्राणवायू तोडल्यावर लाल येऊ शकते. तुम्हाला ज्या प्रकारच्या कामाची ओढ आहे ते इथल्या भट्टीत होणारे आहे का, हे आधीच तपासले तर पुढचा हिरमोड टळतो.

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे आणि तो विचारायला लोक संकोचतात: आठवड्यात भाजण्या किती होतात आणि सभासद किती आहेत? बिस्कची भाजणी तापायला साधारण ८ ते १२ तास आणि निवायला तितकाच किंवा त्याहून अधिक वेळ घेते. भरणे आणि रिकामे करणे धरले तर एका भाजणीला जवळजवळ दोन दिवस जातात. समजा, ग्लेझच्या एका भाजणीत ६० पेले मावतात आणि आठवड्यात एक बिस्क व एक ग्लेझ अशा दोन भाजण्या होतात. बिस्कमध्ये वस्तू एकमेकींत रचता येतात, पण ग्लेझ लावलेल्या वस्तू एकमेकींना टेकवता येत नाहीत, त्यामुळे आठवड्याला ६० पेलेच पूर्ण होणार. सभासद ३० असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन पेले आले. चाके दहा असोत की वीस, हा आकडा बदलत नाही. ज्या स्टुडिओत बिस्कची वाट पाहणाऱ्या वस्तूंची फळी छतापर्यंत भरलेली दिसते, तिथे हा हिशेब कोणी केलेला नाही असे समजावे.

भट्टी कोण भरते, हेही विचारावे. एक किंवा दोन माणसे नेमलेली असतील, त्यांच्याकडे प्रत्येक भाजणीची नोंदवही असेल आणि यंत्राच्या आकड्यावर विसंबून न राहता प्रत्येक खेपेला कोन ठेवला जात असेल, तर ती चांगली खूण आहे. शक्य झाल्यास रिकामी भट्टी उघडून दाखवायला सांगा. फळ्यांवर ॲल्युमिना आणि केओलिनचा पांढरा लेप नीट असावा, ग्लेझचे गोठलेले थेंब खरवडून काढलेले असावेत, विजेच्या भट्टीत तापणाऱ्या तारांच्या खाचांत मातीचे तुकडे पडलेले नसावेत. भट्टी वेगळ्या खोलीत असावी किंवा तिची हवा नळीने बाहेर सोडलेली असावी. पहिल्या भाजणीत मातीतले सेंद्रिय अंश आणि गंधक जळतात, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड निघतात, आणि ते वायू चाकाशी बसलेल्या माणसाने हुंगण्याचे नव्हेत.

धूळ

या विषयावर मी थोडे लांबण लावणार आहे, कारण पाहुण्यांना स्टुडिओ दाखवताना याबद्दल कोणी सहसा बोलत नाही. मातीत आणि ग्लेझमध्ये सिलिका असते. ओली असताना ती निरुपद्रवी असते. वाळून तिची पूड झाली की तिचे काही मायक्रोमीटरचे कण डोळ्यांना न दिसता तासन् तास हवेत तरंगतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. वर्षानुवर्षे हे घडत राहिले तर सिलिकोसिस होतो, आणि झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. एखाद्या संध्याकाळी घाबरून जावे असा हा धोका नसला, तरी ज्या जागी तुम्ही वर्षभर श्वास घेणार आहात त्या जागेबद्दल तो नक्कीच विचारात घ्यावा.

म्हणून स्टुडिओ पाहायला शांत सकाळी जाऊ नका. गर्दीच्या संध्याकाळी, काम संपत असताना जा आणि लोक आवरतात कसे ते पाहा. जमीन ओल्या फडक्याने किंवा ओल्या मॉपने पुसली जात असेल, टेबले स्पंजने टिपली जात असतील, तर तिथे समज आहे. कोणी कोरडा झाडू मारत असेल तर दिवसभराची धूळ पुन्हा हवेत जाते आहे. साधा व्हॅक्यूमही चालत नाही; त्याच्या गाळणीतून बारीक कण परत बाहेर येतात. वाळलेले भांडे सँडपेपरने घासण्याची पद्धत अनेकांना असते. ते काम ओल्या स्पंजने करावे आणि घासणे टाळता येत नसेल तर मोकळ्या हवेत, चेहऱ्याला नीट बसणारा एन ९५ किंवा त्याहून चांगला मास्क लावून करावे. ग्लेझची पूड मिसळतानाही तोच मास्क हवा. स्वतःचा ॲप्रन स्टुडिओत झटकू नये आणि घरी नेऊन इतर कपड्यांबरोबर धुऊ नये. मातीने माखलेला टॉवेल मांडीवर वाळतो आणि दर हालचालीला धूळ सोडतो; त्यापेक्षा सहज पुसता येणारा ॲप्रन बरा.

बेसिनकडेही नजर टाकावी. त्याच्या खाली गाळ साठवणारी टाकी असायला हवी, आणि हात व अवजारे आधी बादलीत धुऊन मगच नळाखाली धरण्याची रीत असायला हवी. तुंबलेली मोरी दुरुस्त करण्याचा खर्च शेवटी सभासदांच्याच शुल्कातून जातो.

शुल्काचा हिशेब

मासिक शुल्कावरून दोन स्टुडिओंची तुलना करणे फसवे ठरते. एका ठिकाणी शुल्कात माती, ग्लेझ आणि भाजणी धरलेली असते, दुसऱ्या ठिकाणी फक्त जागा. त्यामुळे महिन्याला किती किलो माती वापरणार आणि किती वस्तू भाजणार याचा अंदाज कागदावर मांडून त्या आकड्यावर दोन्ही ठिकाणचा एकूण खर्च काढावा. पूर्ण सभासदत्व, ठरावीक तासांचे सभासदत्व आणि दर खेपेला पैसे देण्याची सोय असे प्रकार असतील तर पहिले तीन महिने लहान प्रकार घ्यावा. उत्साहाच्या भरात घेतलेले, चोवीस तासांत कधीही येऊ देणारे सभासदत्व बऱ्याच जणांना पुरेसे वापरता येत नाही.

भाजणीचे पैसे वजनावर, फळीवर किंवा घनफळावर आकारले जातात. घनफळाची पद्धत असेल तर माप कधी घेतात ते अवश्य विचारा. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची, माती वाळून आणि भाजून साधारण १० ते १३ टक्के आकसते. १२ टक्के धरले तर ओले असताना १५ सेंटिमीटर रुंद असलेला वाडगा शेवटी १३.२ सेंटिमीटर होतो. पण घनफळ तीन बाजूंनी आकसत असल्याने ते सुमारे ३२ टक्क्यांनी घटते. म्हणजे ओल्या मापावर आणि भाजलेल्या मापावर होणाऱ्या आकारणीत जवळजवळ एक तृतीयांशाचा फरक पडतो. माप वस्तूभोवती बसणाऱ्या चौकोनी पेटीचे घेतात, हेही लक्षात ठेवावे. ९ सेंटिमीटर रुंद आणि १० उंच पेल्याची पेटी ८१० घन सेंटिमीटर. त्याला ३ सेंटिमीटर बाहेर येणारा कान लावला की तीच १०८० होते. कान न लावण्याचा सल्ला मी देत नाही, पण लांब तोटीची चहादाणी महाग का पडते ते यावरून कळेल.

करार वाचताना

अनामत रक्कम कोणत्या अटीवर परत मिळते, सभासदत्व सोडण्यासाठी किती दिवस आधी सांगावे लागते आणि आजारपणात किंवा प्रवासात ते थांबवता येते का, या तीन गोष्टी लेखी असाव्यात. वस्तू भट्टीत फुटली तर भरपाई नाही, असे जवळजवळ सगळीकडे असते आणि ते रास्त आहे. उलट तुमच्या वस्तूमुळे फळी किंवा इतरांचे काम खराब झाले तर काय, याचे उत्तर करारात आहे का ते पाहा. न नेलेल्या वस्तू किती दिवसांनी टाकून दिल्या जातात, तेही वाचा.

काम विकण्याचा विचार असेल तर तो लपवू नये. अनेक स्टुडिओ छंदाच्या सभासदाला मोठी मागणी पुरवण्याची परवानगी देत नाहीत आणि वर केलेला पेल्यांचा हिशेब पाहिला तर त्यामागचे कारण उघड आहे: एकाचे ८० पेले म्हणजे बाकी सर्वांचा आठवडा. शिवाय खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी ग्लेझ सुरक्षित असावे लागते. शिसे किंवा कॅडमियम असलेली ग्लेझ या कामासाठी वापरू नयेत, आणि बेरियम किंवा मँगनीज जास्त असेल तिथेही सावध राहावे. ग्लेझ लावलेला तुकडा व्हिनेगरमध्ये अर्धा बुडवून एक-दोन दिवस ठेवावा. बुडालेल्या भागाचा रंग किंवा चकाकी उतरली तर ते ग्लेझ जेवणाच्या भांड्यावर वापरू नये. रंग उतरला नाही म्हणून मात्र ते सुरक्षित ठरत नाही. विकायचे असेल तर प्रयोगशाळेतली तपासणीच करून घ्यावी.

पहिले काही आठवडे

सुरुवातीला स्टुडिओची माहिती देणारी बैठक असते. तिला वही घेऊन जावे. कोणत्या फळीवर ओले काम, कोणत्या फळीवर बिस्कसाठी वाळलेले, कुठे ग्लेझ लावलेले, हे चुकले की वस्तू भलत्याच भाजणीत जाते. तुमची खूण ठरवून ती नोंदवहीत कोणाच्या खुणेशी जुळत नाही ना ते पाहा आणि लेदर-हार्ड अवस्थेतच तळाशी कोरा. साध्या शाईने लिहिलेले नाव भट्टीत जळून जाते. पिशव्यांवर आणि झाकलेल्या वस्तूंवर नाव आणि तारीख घालावी. तारखेमुळे स्टुडिओ चालवणाऱ्याला विसरलेले काम ओळखता येते.

माती एकमेकींत मिसळू देऊ नका. लोहयुक्त लाल मातीचे काम झाल्यावर त्याच स्पंजाने आणि त्याच पाण्याने शेजारी पोर्सेलिन करणाऱ्याच्या कामावर डाग पडतात, आणि ते भाजल्यावरच दिसतात. प्लास्टरच्या पाटावर माती सुकवताना धातूची पट्टी वापरू नये. प्लास्टरचा लहानसा कण मातीत गेला तर भाजल्यानंतर तो ओलावा शोषून फुगतो आणि काही दिवसांनी तयार भांड्याचा टवका उडतो. पुनर्वापराच्या पिंपात टाकलेली अशी माती सगळ्यांच्या वाट्याला येते.

बिस्कच्या फळीवर वस्तू ठेवण्यापूर्वी ती पूर्ण वाळली आहे याची खात्री करा. तळ गालाला लावून पाहावा. गार लागला तर आत अजून पाणी आहे. १०० अंशांना त्या पाण्याची वाफ होते, वाफेला १६०० पटींहून अधिक जागा लागते, आणि जाड भिंतीतून ती वेळेत बाहेर पडू शकली नाही की भांडे फुटते. त्याचे तुकडे शेजाऱ्यांच्या वाडग्यांत आणि भट्टीच्या तारांवर पडतात. पोकळ, बंद आकारांना न दिसेलसे छिद्र ठेवणे आणि जाडी १ सेंटिमीटरच्या आत राखणे, एवढ्याने बहुतेक अपघात टळतात. जाड शिल्पे करायची असतील तर भट्टी भरणाऱ्याला आधी सांगावे. तो भाजणीच्या सुरुवातीला तापमान १०० अंशांच्या खाली काही तास रोखून धरू शकतो. भाजणी झाल्यावर झाकण उघडून डोकावण्याची घाईही करू नये. सुमारे ५७३ अंशांना क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना बदलते आणि त्यांचे आकारमान एकदम कमी होते. त्या टप्प्यावर गार हवा लागली की उत्तम भांड्यालाही आरपार तडा जातो. तापमान १०० अंशांच्या खाली येईपर्यंत भट्टी बंद राहू द्यावी.

ग्लेझच्या बाबतीत मी स्वतः केलेली चूक इथे सांगतो. सभासद झाल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यात मी एका फुलदाणीवर दोन ग्लेझ एकावर एक लावली. दोन्ही मी वेगवेगळी वापरली होती आणि दोन्ही जागच्या जागी राहिली होती. एकत्र आल्यावर मात्र ती पाण्यासारखी वाहिली, तळाशी सोडलेली अर्ध्या सेंटिमीटरची कोरी पट्टी ओलांडून फळीवर उतरली आणि शेजारच्या वाडग्याच्या तळाला जाऊन चिकटली. तो वाडगा ज्या सभासदाचा होता, तिने त्यावर तीन आठवडे बारीक खोदकाम केले होते. मी तिला स्वतः जाऊन सांगितले, गॉगल आणि मास्क लावून फळी घासून दिली, नवा लेप लावला. वाडगा मात्र परत आला नाही. तेव्हापासून कोणतीही नवी जोडी मी आधी उभ्या ठेवलेल्या चाचणीच्या पट्टीवर, तिच्याखाली मातीची भाजलेली चकती ठेवून भाजतो, आणि तिचा निकाल वहीत लिहिल्याशिवाय भांड्याला हात लावत नाही. ओळखीच्या एकेरी ग्लेझला तळाशी ५ मिलिमीटर जागा पुरते. दुहेरी लेप असेल तर खालचा तृतीयांश भाग एकेरीच ठेवावा. थर किती जाड बसला ते सुईने टोचून पाहता येते. १ मिलिमीटरपेक्षा फार जास्त असेल तर धुऊन, वाळवून पुन्हा लावणे शहाणपणाचे. बादली ढवळताना हात तळापर्यंत पोहोचला पाहिजे, कारण जड घटक खाली बसलेले असतात आणि वरवर ढवळलेल्या बादलीतले ग्लेझ तुमच्यासाठी आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकासाठी बिघडते.

दुसऱ्याची वस्तू हलवू नये. हलवावीच लागली तर खालच्या फळीसकट, दोन्ही हातांनी हलवावी. वाळलेले कच्चे भांडे काठाला धरून उचलले की काठ हातात येतो.

सोडून जाताना

सभासदत्व संपवायचे ठरले तर तारीख भट्टीवरून मागे मोजावी. शेवटचे ओले काम पूर्ण होऊन हातात येण्यासाठी वर सांगितल्याप्रमाणे तीन ते सहा आठवडे लागतात, म्हणून करारात महिनाभराची सूचना पुरेशी असली तरी चाकावर बसणे सहा आठवडे आधीच थांबवावे आणि उरलेला वेळ कोरणे, ग्लेझ आणि आवराआवर यांना द्यावा. न भाजलेले काम पाण्यात विरघळवून त्या त्या मातीच्या पिंपात टाकावे. बिस्क झालेली पण ग्लेझ न लावलेली भांडी घरी न्यावीत. तीच माती आणि तेच तापमान असलेल्या दुसऱ्या स्टुडिओत ती पुढे पूर्ण करता येतात, फक्त मातीचे नाव आणि कोनचा आकडा प्रत्येकाच्या तळाशी पेन्सिलने लिहून ठेवायला विसरू नका.